मराठवाड्यातलं घरचं जेवण आणि गोडधोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली पोरं, नव्यानं संसाराला लागलेली जोडपी आणि लेकीच्या सासरचे लोक मराठवाड्याचे निघाले म्हणून धास्तावलेल्या आया, असे तिघेही फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. प्रमाणं वाटीनं दिली आहेत. वाटी तुमच्या घरातली कुठलीही घ्या, फक्त मध्येच बदलू नका.

मराठवाड्याचं जेवण म्हणजे नुसतं तिखटजाळ, असं ऐकलंय. खरं का?

ठेचा आणि काळं तिखट एवढंच ज्यांनी हॉटेलात चाखलं त्यांचा हा समज. घरात रोज तसं कुणी खात नाही. रोजचं ताट म्हणजे ज्वारीची भाकरी, एखादं पातळ वरण किंवा आमटी, पालेभाजी, शेंगदाण्याची, कारळाची नाहीतर जवसाची चटणी आणि कांदा. चटणीवर कच्चं करडईचं तेल घ्यायची जुनी सवय आता कमी झाली, पण ज्यांच्याकडे अजून करडई पेरतात त्यांनी ती सोडलेली नाही.

हे जेवण कोरडवाहू शेतीतून आलेलं आहे. ज्वारी, तूर, हरभरा, हुलगे, करडई, जवस, तीळ हे कमी पाण्यात येतं, तेच ताटात. दुधातुपाची रेलचेल सगळ्यांकडे कधीच नव्हती, म्हणून गोडसुद्धा खव्याचं कमी आणि पीठ, डाळ अन् गुळाचं जास्त. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा आणि पेढा प्रसिद्ध आहे खरा, पण तो विकत आणायचा पदार्थ. घरी जे रांधतात ते पुरण, कापण्या, खीर, धोंडे, दशम्या. त्यामुळे 'मराठवाड्याची मिठाई कुठली' असं विचारलं की आमची माणसं गोंधळतात. 'सणाला काय करता' असं विचारून बघा, तासभर थांबणार नाहीत.

भाकरी थापताना कडेनं चिरते. पीठ खराब आहे की माझा हात?

दहात आठ वेळा पीठ जुनं असतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो, आणि दळून ठेवलेल्या पिठाची जी थोडी विरी असते तीही दिवसागणिक जाते. आठ-दहा दिवसांत संपेल इतकंच दळून आणा. पाकिटातलं पीठ कधी दळलं ते आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा ते घेतलं तर पाणी उकळतंच हवं. पीठ परातीत घ्या, मधे आळं करा, त्यात उकळतं पाणी ओता, उलथण्यानं कालवून झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं निवलं की मळायला घ्या.

आणि मळायचं म्हणजे खरोखर मळायचं. एका भाकरीपुरताच गोळा घ्यायचा आणि तळहाताच्या टाचेनं परातीवर पुढे रगडत न्यायचा, पुन्हा ओढून घ्यायचा, पुन्हा रगडायचा. सुरुवातीला त्याच्या कडेला भेगा दिसतात. भेगा मिटून गोळा लोण्यासारखा झाला की मगच थापायचा. एकदम चार भाकरींचं पीठ मळून ठेवलं तर चौथी चिरणारच.

तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. सुकू दिलं तर तिथं तडे जातात आणि वाफ निसटते, मग भाकरी फुगत नाही. ज्वारी घ्यायची तर रब्बीची मालदांडी घ्या. जालना भागातल्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ती मिळाली तर तुमचं नशीब. खरिपात आता जिकडे तिकडे सोयाबीन, त्यामुळे चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते. गरिबाची म्हणून हिणवलेली भाकरी आता हॉटेलवाले मोजून पैसे घेऊन देतात!

आजारातून उठलेल्याला काय द्यावं?

ज्वारीच्या कण्या. ज्वारी जाडसर भरडून, पाण्यात मऊ शिजवून, मीठ घालून, ताकाबरोबर. तोंडाला चव नसेल तर लसणाची फोडणी दिलेली ताकाची कढी. दुसरं काही शोधत बसू नका.

शेंगुळे, म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, रश्श्यात विरघळून पिठलंच होतं. का?

तीन कारणं असतात. एक, पाणी खळखळ उकळायच्या आधीच शेंगुळे सोडले. दोन, टाकल्याबरोबर पळी घातली. तीन, पीठ सैल भिजवलं. हुलग्याचं पीठ एक वाटी असेल तर ज्वारीचं अर्धी वाटी आणि मूठभर गव्हाचं घ्या. गव्हानं बांधून राहतं. लसूण, जिरे, मिरची वाटून निम्मं वाटण पिठात आणि निम्मं फोडणीत. पीठ घट्ट मळा, तेलाच्या हातानं करंगळीएवढ्या वळ्या वळा, हवं तर टोकं जुळवून कडी करा.

पाणी उकळलं की एकेक करून सोडा, एकदम ढीग नको. पाच मिनिटं हात लावायचा नाही. वळ्या वर आल्या की हलक्या हातानं एकदा ढवळा, दाण्याचं कूट घाला, आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. थोडं पीठ सुटून रस्सा दाट होणारच, तो व्हायलाच हवा. पावसाची झड लागली आणि घरात भाजी नसली की हे करायचं. याच्याबरोबर भाकरी लागत नाही, भातही लागत नाही, ताटलीभर शेंगुळे आणि वर कच्च्या तेलाची धार बास.

वरणफळांचा प्रश्नही असाच येतो, ती एकमेकांना चिकटतात. वरण पातळ ठेवा आणि उकळी मोडू देऊ नका.

सुशीला म्हणजे नेमकं काय? पोह्यांसारखंच ना?

दिसायला तसंच, खायला नाही. लातूर, उदगीर, नांदेड, धाराशिवकडे हा सकाळचा नाश्ता आहे, आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही करतात. चार वाट्या मुरमुरे घ्या, पण भेळेचे पातळ कुरकुरीत नको, जरा जाड हवेत. पाण्यात बुडवायचे आणि लगेच दोन्ही हातांनी दाबून काढायचे. 'भिजत घालणे' हा शब्द इथं विसरा. मिनिटभर जास्त राहिले की लगदा.

फोडणीत मोहरी, जिरे, शेंगदाणे, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा, हळद. त्यात मुरमुरे, मीठ, चिमूटभर साखर. खरी गंमत शेवटी घालायच्या डाळव्याच्या, म्हणजे भाजक्या हरभरा डाळीच्या, पुडीत आहे. तीन-चार चमचे पूड सगळीकडे भुरभुरली की ती उरलेलं पाणी शोषून घेते आणि दाणा दाणा मोकळा होतो. ही पूड नसेल तर सुशीला करूच नका, पोहे करा.

येसर नाही, गोडा मसाला घालून येसर आमटी होईल का?

आमटी होईल, येसर आमटी होणार नाही. येसरात मसाल्याइतकंच धान्य असतं. हरभऱ्याची डाळ, गहू, तांदूळ, कुणी ज्वारी-बाजरीही घालतं, हे सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं. मग धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, सुंठ, सुकं खोबरं भाजून सगळं मिळून दळायचं. धान्यामुळे आमटीला दाटपणा येतो, डाळ शिजवावी लागत नाही. म्हणूनच लग्नाच्या पंगतीत ही आमटी चालते. दोनशे माणसं अचानक वाढली तरी पाणी आणि दोन मुठी येसर वाढवलं की भागतं. लग्नाच्या आधी घरी येसर आणि मेतकूट करायची रीत बऱ्याच घरांत अजून आहे.

घरी चार माणसांना करायची तर चार वाट्या पाण्याला दोन मोठे चमचे येसर, गार पाण्यात कालवून. कोरडं येसर उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. फोडणीत लसूण आणि काळं तिखट, वरून कोथिंबीर. औसा तालुक्यातल्या काष्टीची कोथिंबीर ज्यांनी खाल्ली आहे त्यांना बाजारातली जुडी गवतच वाटते.

येळवशीला आमंत्रण आलंय. काय न्यायचं, काय खायचं, आणि पोटाचं काय?

न्यायचं काही नाही. भूक न्यायची.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, डिसेंबर-जानेवारीत येते. लातूर, धाराशिव आणि आजूबाजूच्या पट्ट्यात हा दिवाळीपेक्षा मोठा सण आहे. पलीकडे बीदर, कलबुर्गीकडेही आहे. त्या दिवशी लातूर शहरात रस्ते ओस पडतात, कारण सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप उभी करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, पूजा होते, आंबील शेतात शिंपडतात आणि मग पंगत बसते. शेत नसलेल्यांना शेतवाले बोलावतात. ओळख असायलाच पाहिजे असं नाही.

मुख्य पदार्थ भज्जी. कांद्याची भजी समजून याल तर फसाल. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, ओल्या शेंगा, वांगी, गाजर, मेथी, पातीचा कांदा, म्हणजे त्या आठवड्यात शेतात हिरवं जे असेल ते, चिंचेच्या कोळात आणि डाळीच्या पिठात शिजवलेलं. चिंच निलंग्याजवळच्या पानचिंचोलीची असली तर विचारायलाच नको. बरोबर ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, धपाटे, तिळाची पोळी, खिचडा, गव्हाची खीर. आणि माठातली आंबील.

आंबिलीची चौकशी सगळ्यात जास्त होते, म्हणून सांगतो. ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात कालवून ठेवायचं. सकाळी उकळत्या पाण्यात ते सोडून सतत ढवळत शिजवायचं, पूर्ण निवू द्यायचं, मग त्यात भरपूर ताक, वाटलेला लसूण, जिरे, मीठ, कोथिंबीर. गरम असताना ताक घातलं तर फुटतं. ती माठातच ठेवायची, स्टीलच्या पातेल्यात चव येत नाही. पोटाचं विचाराल तर हीच आंबील ते सांभाळते, म्हणून पहिलं वाढप भज्जीचं असलं तरी दुसरा पेला आंबिलीचा घ्या. 'बास' म्हटलेलं तिथं कुणाला ऐकू येत नाही, तेव्हा ताटावर आडवा हात धरायला शिका.

पुरण पातळ झालं तर?

पसरट कढईत पुन्हा आटवा, पण झाकण न ठेवता आणि हात न थांबवता. पीठ, रवा घालून घट्ट करायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. पोळी लाटताना कळतं.

मुळात पातळ होऊ नये म्हणून दोन गोष्टी. डाळ शिजली की चाळणीत टाकून पाणी पूर्ण निथळू द्या. हे पाणी फेकायचं नाही, त्याचंच सार होतं. आणि एक वाटी डाळीला पाऊण ते एक वाटी गूळ, त्याहून जास्त नको. गूळ घातल्यावर पुरण एकदा पातळ होतं, तेव्हा घाबरायचं नाही. आटत आलं की कढईच्या कडा सोडतं, मधोमध उलथणं रोवलं तर उभं राहतं. आमच्याकडच्या बायका उलथणं रोवतात, हात सोडतात आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहतात. कललं की पुन्हा आच. वाटायचं ते गरम असतानाच. थंड पुरण यंत्राला जड जातं आणि गुठळ्या राहतात.

पोळीबरोबर काय, यावर घराघरांत वाद आहेत. दूध, तूप, सार, गुळवणी, सगळं बरोबर. गुळवणी म्हणजे गूळ पाण्यात उकळून सुंठ-वेलदोडा घातलेलं पातळ पाणी. तिच्यात पोळी कुस्करून खातात, आणि म्हाताऱ्या माणसांना दात नसताना हेच बरं पडतं.

धोंडे आणि दिंड एकच का? जावई पहिल्यांदा येणार आहेत.

आत पुरण आणि बाहेर कणीक, दोन्हीकडे. बाकी वेगळं. दिंड नागपंचमीला. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही, अशी रीत असल्यानं पुरीएवढं लाटून त्यात पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी घडी घालून चौकोनी पाकीट करायचं आणि वाफवायचं.

धोंडे अधिक महिन्यात, जावयासाठी. हा महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. 2023 मध्ये श्रावण अधिक होता, 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. कणीक तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवा. गोळ्याची खोलगट पारी करून पुरण भरा, तोंड बंद करून लांबट किंवा गोल वळा. चाळणीला तेल लावून पंधरा-वीस मिनिटं वाफवा. काही घरांत उकळत्या पाण्यात सोडतात, काही तळतात. वाफवलेले मऊ राहतात. ताटात फोडून मध्ये तुपाची धार आणि बाजूला दूध. ज्येष्ठात येतोय म्हणजे आंबे असतील, मराठवाड्याच्या केसरचा रस ठेवा, बरोबर कुरडई.

अनारसे द्यायचे तर तेहतीस देतात. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून ओवाळतात, कपडे करतात, ऐपतीप्रमाणे आणखी काही. अलीकडे सोन्याचांदीच्या धोंड्यांची टूम निघाली आहे. ज्याला परवडतं त्यानं करावं, पण कर्ज काढून जावई जेवू घालणाऱ्या सासऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही, आणि जावयानंही मागू नये.

कापण्या दगडासारख्या कडक होतात.

गरम मोहन कमी पडलं, किंवा पीठ फार मळलं. एक वाटी गूळ पाऊण वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळा. त्यात कडकडीत तापवलेलं दोन मोठे चमचे तेल, चिमूटभर मीठ, बडीशेपेची पूड, आणि मावेल तेवढी कणीक. दोन चमचे बेसन घातलं तर खुसखुशीत होतात. पोळीपेक्षा जाड लाटा, वर खसखस किंवा तीळ टाकून लाटणं फिरवा, शंकरपाळ्यासारखं कापा. आच मध्यमच ठेवा, गुळामुळे बाहेरून चटकन काळं होतं. आषाढात तळायचं असतंच, म्हणून कापण्यांना हा महिना निवडलेला. डब्यात आठ-दहा दिवस राहतात, उरल्या तर.

गव्हाच्या खिरीत दूध घातलं की फाटतं.

गुळात आंबटपणा असतो, त्यात उकळती खीर, दूध फाटणारच. आमच्याकडे दूध पातेल्यात घालतच नाहीत. खीर वाढायची आणि ज्यानं त्यानं वाटीत गार दूध ओतून घ्यायचं. सगळ्यात सोपा उपाय हाच.

बाकी खीर म्हणजे कष्टाचं काम. गव्हाला पाण्याचा हात लावून अर्धा तास ठेवायचं, उखळात किंवा खलबत्त्यात कोंडा सुटेपर्यंत कुटायचं, पाखडायचं, रात्रभर भिजवायचं. सकाळी कुकरमध्ये बोटानं चुरडेल इतकं मऊ शिजवून मगच गूळ. गूळ आधी घातला तर गहू पुढे शिजत नाही. सुंठ, वेलदोडा, खोबऱ्याचे काप, खसखस. मिक्सरला गहू दोन फिरके दिले तरी चालतं, फक्त त्याचा रवा होऊ देऊ नका.

गूळ कोणता घ्यावा? आणि शुगर असलेल्यांना गुळाचं चालतं ना?

पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस नावाचं रसायन घालून आणलेला असतो. गडद तपकिरी घ्या. पुरण जरा काळसर होईल, होऊ द्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. गुळानंही रक्तातली साखर वाढते. 'साखर नाही, गूळच आहे' म्हणत चार पोळ्या खाणारे काका प्रत्येक पंगतीत असतात. त्यांना ज्वारीच्या भाकरीचा पहिला पापुद्रा, लोणी आणि मेथीची भाजी वाढा.

खुबानी का मीठा, शीरखुर्मा हे पण मराठवाड्याचंच धरायचं का?

का नाही? 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, बीडच्या मोहल्ल्यांत ईदला शीरखुर्मा होतो आणि शेजारच्या हिंदू घरी डबा जातो. दिवाळीत तोच डबा चकल्या-करंज्या भरून परत येतो. त्या शीरखुर्म्याच्या शेवया आणि आमच्या खिरीच्या शेवया उन्हाळ्यात एकाच गच्चीवर वाळलेल्या असतात. खुबानीसाठी सुके जर्दाळू रात्रभर भिजवून त्याच पाण्यात शिजवा. बिया फोडून आतले गर वरून घाला, ते टाकून देतात त्यांना काय म्हणावं!

1972 च्या दुष्काळात लोक काय खात होते? आजी सुकडी म्हणते ती काय?

दुष्काळी कामांवर मुलांना आणि मजुरांना वाटलं जाणारं पौष्टिक पीठ म्हणजे सुकडी. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी यायची. तिच्या भाकरीची आठवण काढली की आमची जुनी माणसं अजून तोंड वाकडं करतात. ताटात काही टाकलेलं त्यांना चालत नाही ते त्यामुळेच. त्यांच्यापुढे पोळीचा काठ काढून ठेवू नका.

हॉस्टेलला जाणाऱ्या मुलासोबत काय द्यावं?

धपाटे दोन दिवस, तेही पिठात पाणी न घालता दह्यात भिजवले तर. दुधात भिजवलेल्या गुळाच्या दशम्या तीन-चार दिवस. शेंगदाण्याची चटणी महिनाभर, पण लसूण घातला असेल तर हाताचा ओलावा लागू देऊ नका. ठेचा पाठवू नका, रूममेट पहिल्याच दिवशी संपवतात.

पोळ्या आणि पुरण दोन्ही उरलं. आता?

पुरण फ्रिजमध्ये चार दिवस नीट राहतं. दुधात कालवून उकळलं की पुरणाची खीर, कणकेत मळून लाटलं की मुलांच्या डब्याच्या गोड पुऱ्या. साध्या पोळ्या उरल्या तर दोन रस्ते. तिखट हवं असेल तर हातानं तुकडे करून कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीत परता. गोड हवं असेल तर पोळी बारीक कुस्करा, किसलेला गूळ आणि तूप घालून चुरा, झाला मलिदा. पोळी गरम करून घेतली तर गूळ लवकर मिळतो. लाडू वळायचा असेल तर तूप अंमळ जास्त लागतं. न वळता वाटीत तसाच खाल्ला तर कमी तुपातही भागतं.